आधी रोजकीर्द, मग खुर्ची : कारभार कुणाच्या हाताखाली शिकलात?

मलप्रभाकाठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्या गावात एक लहानशी पतसंस्था आहे. सभासद बहुतेक भातशेतीवाले, काही गवंडी, काही रोज बेळगावला कामाला जाणारे. गेली सहा वर्षं मी तिचा चेअरमन आहे. पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं नाही असं ठरवलंय. माझ्यामागं दोघं जण तयार व्हावेत असं फार वाटतं. एक मुलगा आहे, बी.कॉम. झालेला. दुसरी मुलगी, घरी कन्नड बोलणारी, पण शिकली आमच्याच मराठी शाळेत. हिशेब दोघांनाही माझ्यापेक्षा चांगला येतो, संगणक तर येतोच. पण दुसऱ्याच्या पैशावर बसताना मन कसं ठेवायचं, हे मी त्यांना कसं शिकवू?

मला ते ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल आधी सांगतो. निवृत्त प्राथमिक शिक्षक होते, अख्खा गाव त्यांना गुरुजीच म्हणायचा. १९९९ साली त्यांनी मला संस्थेत बोलावलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. वाटलं, आता मीटिंगमध्ये बसायला मिळणार. त्यांनी हातात दिली रोजकीर्द. संध्याकाळी साडेसहाला यायचं, दिवसाचा जमा-खर्च उतरवायचा, पेटीतली रोकड मोजायची, शिल्लक जुळली की घरी. सहा महिने हेच. मीटिंग चालू असताना मी कोपऱ्यातल्या बाकावर बसायचो, पण तोंड उघडायचं नाही असा नियम. फक्त ऐकायचं.

एकदा दहा रुपये जास्त निघाले. मी म्हटलं, "जास्तच आहेत की गुरुजी, राहू देत." ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि पिग्मीच्या पावत्या पहिल्यापासून काढायला लावल्या. एका म्हातारीचे दहा रुपये नोंदवायचे राहिले होते. (आपल्याकडं घरोघरी चालणारी ही पिग्मी ठेव १९२८ साली उडुपीत सुरू झाली, पुढं सिंडिकेट बँक म्हणून प्रसिद्ध झालेल्या बँकेनं. रोज दोन आणे ठेवायचे. हेही मला गुरुजींनीच सांगितलं.) रात्री साडेआठला आम्ही तिच्या दारात गेलो आणि तिच्या पुस्तकात नोंद करून आलो. तिला काय झालं तेही धड कळलं नसेल. मला मात्र पुरतं कळलं.

दुसरी गोष्ट त्यांच्या पुतण्याच्या कर्जाची. अर्ज मीटिंगला आला तसे गुरुजी उठले, उपाध्यक्षांना खुर्चीवर बसवलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. कर्ज मंजूर झालं. आत आल्यावर त्यांनी प्रोसिडिंग बुकात स्वतःच्या हातानं लिहिलं, की या विषयाच्या वेळी अध्यक्ष नात्यामुळं बाहेर होते. त्या दिवशी मला हे नाटकी वाटलं होतं. सगळ्यांना माहीत आहे ना पुतण्या कुणाचा ते!

आणि तिसरी, जी मला आजही सोडत नाही. २००३ च्या वार्षिक सभेत ते माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, एका कर्जाला दोन जामीनदार घ्यायचे होते, मी एकावर सही केली, कर्ज थकलंय, चूक माझी आहे. कुणी विचारलं नव्हतं. ऑडिटमध्येही ते तोवर आलं नव्हतं. सभेत आरडाओरडा झाला. पुढच्या आठवड्यात काही ठेवीदारांनी पैसे काढले. मी गुरुजींवर चिडलो होतो, की गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं. त्यांनी राजीनामा पुढं केला, सभेनं तो घेतला नाही. ते कर्ज वसूल व्हायला चार वर्षं लागली. दर तीन महिन्यांनी कर्जदाराच्या दारात ते स्वतः जायचे आणि मला बरोबर न्यायचे.

आता माझं. चेअरमन झाल्यावर दुसऱ्याच वर्षी माझ्या जिवलग मित्राचा अर्ज आला. मी खुर्चीवरून उठलो नाही. "ओळखीतला माणूस आहे," एवढंच बोललो. एवढं पुरेसं झालं. एकानंही प्रश्न विचारला नाही. ते कर्ज आज थकबाकीत आहे. सगळं पाहून, वर्षानुवर्षं शेजारी बसून, ऐन वेळी मी घसरलोच. मग या दोघांना मी काय शिकवणार? तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकलात, कसं शिकलात, सांगा. मनापासून विचारतोय.

मागावरची (रविवार, रात्री १०:२५)

दादा, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी वडगावची. घरात हातमाग होता, आता यंत्रमागाचं काम आहे. आमचा बचत गट स्त्रीशक्ती योजनेतला, पंधरा बायकांचा.

आम्हाला ज्या ताईंनी गट शिकवला त्या स्वतः सातवी पास. पंचसूत्री त्यांची तोंडपाठ : नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब लिहिणं. पण त्यांची खरी शिकवण या पाचांत नाही. त्या पैसे मोठ्यानं मोजायच्या. पंधरा बायकांच्या मधोमध सतरंजीवर नोटा ठेवायच्या आणि एक-दोन-तीन म्हणत मोजायच्या. मग शेजारणीला पुन्हा मोजायला लावायच्या. मी म्हटलं होतं, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे आमचा." त्या म्हणाल्या, "असू दे गे, तरी मोज."

अध्यक्षपद दरवर्षी बदलायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरावात लिहून घेतलं. दुसऱ्या वर्षी अध्यक्ष कुणाला केलं, तर सगळ्यांत कमी बोलणाऱ्या बाईला. बँकेत जाताना ती थरथरायची. ताई तिच्याबरोबर गेल्या, पण बँकेच्या पायऱ्यांवर थांबल्या, आत नाही गेल्या. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी ती एकटी गेली, आणि आज ती दुसरे गट सांभाळते.

तुम्ही विचारलंत कसं शिकवू. मला वाटतं तुमचं ते मित्राच्या कर्जाचं आधी त्या दोघांना सांगा. इथं अनोळखी लोकांना सांगितलंत, त्यांना सांगितलंय का?

कागलवेस (सोमवार, सकाळी ६:५०)

मी इतिहासाचा शिक्षक, निपाणीजवळचा. मागावरचीताईंच्या शेवटच्या प्रश्नाशी पूर्ण सहमत. त्याच अनुषंगानं थोडं लांबण लावतो, माफ करा. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आपल्या या पट्ट्यातून गुरू-शिष्यांची एक साखळी जाते. गोपाळ कृष्ण गोखले १८६६ साली कोकणात कोतळूकला जन्मले, पण शाळा शिकले कागलला आणि मग कोल्हापूरला. कागल म्हणजे निपाणीपासून हाकेच्या अंतरावर. पुढं पुण्यात त्यांना न्यायमूर्ती रानडे भेटले आणि १९०१ मध्ये रानडे जाईपर्यंत, दहा-बारा वर्षांहून जास्त, गोखले त्यांच्या हाताखाली शिकत राहिले. काय शिकले? अर्थशास्त्र, सरकारी अहवाल वाचणं, सार्वजनिक सभा या पुण्यातल्या संस्थेच्या अर्जांचे मसुदे करणं, एकेक आकडा तपासून घेणं. बावीस-तेवीस वर्षांच्या हुशार पदवीधराकडून रानड्यांनी आधी हे कष्टाचं काम करून घेतलं. मलप्रभाकाठ, तुमच्या गुरुजींची रोजकीर्द वाचताना मला हेच आठवलं.

आता त्या शिकवणीची परीक्षा पाहा. १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढं साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या तपासण्या चालू होत्या. तिथून आलेल्या पत्रांच्या आधारावर त्यांनी गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आरोप तिथल्या वर्तमानपत्रात केले. परत आल्यावर पुराव्याला कुणी उभं राहीना. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत आणि स्वतः जाहीर, बिनशर्त माफी मागितली. लोक तुटून पडले. भित्रा म्हणाले. त्याच वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्ये त्यांना बोलू दिलं गेलं नाही. प्लेगच्या काळात पुण्याच्या लोकांनी जे सोसलं ते खरंच होतं, आणि माफीमुळं ते खोटं ठरल्यासारखं वाटलं म्हणून लोकांचा राग होता. तो रागही मी समजू शकतो. पण आपण जे बोललो ते सिद्ध करता येत नाही, तर ते मागं घ्यायचं आणि त्याची किंमत स्वतः मोजायची, ही गोष्ट गोखल्यांनी एकतिसाव्या वर्षी करून दाखवली. तुमच्या गुरुजींनी वार्षिक सभेत केलं ते याच जातीचं. दोन्हीकडं लगेच नुकसानच झालं.

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. तिथं येणाऱ्या तरुणाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे. आणि १९१५ च्या जानेवारीत गांधीजी आफ्रिकेतून आले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना एक वर्ष देश फिरून बघायला सांगितलं, सार्वजनिक प्रश्नांवर बोलायचं नाही. सत्याग्रह जिंकून आलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला! गोखले पुढच्याच महिन्यात, १९ फेब्रुवारीला वारले. शब्द मोडला असता तर विचारणारा कुणी उरला नव्हता. गांधीजींनी तो पाळला.

आणि मग डिसेंबर १९२४, आपलं बेळगाव. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात या एकाच अधिवेशनात, टिळकवाडीच्या माळावर. हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी सारी व्यवस्था उभी केली होती. पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणून आहे. त्या अधिवेशनात सभासदत्वाची एक अट मान्य झाली : महिन्याला दोन हजार यार्ड हातानं कातलेलं सूत द्यायचं. मागणारा स्वतः रोज चरख्यावर बसत होता, म्हणून मागू शकला. तरीही लोकांना ती जमेना आणि पुढच्याच वर्षी ती सैल करावी लागली. मी मुलांना विहीर दाखवायला नेतो तेव्हा हे सैल करणंही सांगतो. नेत्यानं स्वतः केलं म्हणजे सगळ्यांना जमेल असं नसतं, हे मान्य करण्याची तयारीही लागते.

भट्टीवाला (सोमवार, दुपारी १:१०)

सगळं वाचलं. सर चांगलं लिहिताय. पण एक गोष्ट कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. ज्याच्या हाताखाली शिकतो त्याच्याकडनं माणूस वाईटबी तेवढ्याच मनापासून शिकतो.

मी १९९६ ला उद्यमबागेत एका फौंड्रीत उमेदवार म्हणून लागलो. मेस्त्री देवमाणूस. वाळू मुठीत दाबायची, मुठ उघडून ढेकूळ मधोमध मोडायचं, कडा सुटल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त, हे त्यांनी शिकवलं. कोअर कसा बसवायचा, लोखंड कधी ओतायचं, रंगावरनं ताप कसा ओळखायचा. माझं लग्न त्यांनीच जमवलं. पण कास्टिंगला ब्लोहोल (हवेचं भोक) पडला की लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरनं ग्राइंडर फिरवायचा, रंग मारायचा आणि गाडीत चढवायचं, हेबी त्यांनीच शिकवलं. "सगळेच करत्यात गा," म्हणायचे. मी चार वर्षं तेच केलं. मन लावून केलं. लांबी भरण्यात माझा हात कुणी धरत नव्हतं, आणि त्याचा मला अभिमान होता. आज लिहिताना लाज वाटते.

पुढं मी मेस्त्री झालो. माझ्या हाताखाली रायबाग भागातला एक पोरगा आला, सतरा-अठराचा, मराठी मोडकं बोलायचा. मी त्याला लांबी भरायला दाखवलं. त्यानं विचारलं, "मेस्त्री, हे कुठं बसतंय? फुटलं तर कोण असतंय तिथं?" मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षांत एकदाबी मी हा प्रश्न मेस्त्रींना विचारला नव्हता. का, तर त्यांच्यावर जीव होता. जीव असला की प्रश्न सुचत नाही.

त्या दिवसापासून रिजेक्ट माल आम्ही खडूनं खूण करून सगळ्यांसमोर घणानं फोडतो आणि परत भट्टीत टाकतो. फोडलेला माल कुणी रंगवून पाठवू शकत नाही. मालक पहिले दोन महिने रोज बोलला. मग रिजेक्शन का होतंय हे शोधावं लागलं, वाळू सुधारली, आणि बोलणं थांबलं. मला शिकवणारा तो पोरगा आहे. आता त्याची स्वतःची भट्टी आहे.

तर दादा, तुमच्या त्या दोघांना प्रश्न विचारायला शिकवा. तुम्हालाच.

लालमाती (सोमवार, संध्याकाळी ७:३५)

भट्टीवाले, तुमचं पटलं, पण मेस्त्रींबद्दल चारचौघांत असं लिहायला नको होतं असं वाटलं. ज्यानं हातात धरून शिकवलं त्याचं उणं आपण झाकावं.

मी तालमीतला माणूस. आमच्यात म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, वस्तादांनी आमच्यासाठी असा कुठला डाव राखून ठेवलाय? आम्ही रोज हट्ट धरायचो. त्यांनी शिकवलं ते पहाटे चारला उठून माती खणणं, त्यात तेल-ताक-हळद मिसळणं, आणि आपल्यापेक्षा लहान पोराला आधी माती लावणं. डाव फार नंतर.

एका जत्रेत माझी शेवटून दुसरी कुस्ती होती. इनाम बरं होतं. आदल्या रात्री समोरच्या पैलवानाकडचा माणूस आला, कुस्ती बरोबरीत सोडवू, इनाम वाटून घेऊ. नुरा कुस्ती म्हणतात तिला, सगळ्यांना माहीत आहे. मला घरी पैशाची गरज होती, वस्तादांनाही तालमीच्या पत्र्यासाठी हवे होते. वस्ताद पंचांकडं गेले, हात जोडले आणि म्हणाले, आमचा पोरगा उद्या लढणार नाही. का, ते सांगितलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. रात्रीच टेम्पोत घालून आम्हाला परत आणलं. मी तीन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पावसाळाभर तालीम गळत होती.

आज मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीत कुस्त्यांच्या जोडी लावतो. दरवर्षी कुणी ना कुणी रात्री घरी येतो. मी दार उघडतो, चहा देतो आणि परत पाठवतो. हा निर्णय मला कधी घ्यावाच लागला नाही, तो त्या टेम्पोतच झाला होता.

भट्टीवाला (सोमवार, रात्री ८:०५)

लालमाती, तुमच्या वस्तादांना माझा नमस्कार. पण झाकायचं कसं? मी झाकलं असतं तर तो पोरगा माझ्याकडनं लांबी भरायलाच शिकला असता, आणि त्याच्याकडनं दुसरा. मेस्त्रींचा फोटो आजबी आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. दोन्ही खरं आहे.

लालमाती (सोमवार, रात्री ८:४०)

विचार करायला लावलंत. एवढंच म्हणतो.

घाटमाथा_जांबोटी (मंगळवार, दुपारी ३:२०)

उशिरा आले चर्चेत. मी ग्रामपंचायत सदस्य होते, महिला राखीव जागेवर निवडून आलेली. आपल्या कर्नाटकात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत, पण किती ठिकाणी मीटिंगला नवरा जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याही वेळी पहिले चार महिने तेच झालं. ते घरी येऊन सांगायचे, इथं सही कर. मी करायचे.

आमच्या गावात आधी सदस्य राहिलेल्या एक आक्का आहेत. एक दिवस घरी आल्या, चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काल कशावर सही केलीस?" मला सांगता येईना. कागद कन्नडमध्ये, मला बोलायला येतं, वाचायला अडखळते. आक्कांनी पिशवीतून कन्नड अंकलिपी काढली. त्यांनी स्वतः पन्नाशीत वाचायला शिकलं होतं, सदस्य झाल्यावर. दीड महिना दुपारी येऊन त्यांनी मला शिकवलं. आणि नवऱ्याला सांगितलं, "पंचायतीच्या दारापर्यंत सोडा तिला. आत ती जाईल."

सीमाभागात भाषेवरून आपण किती सोसलंय हे मी सांगायला नको. जिथं पंधरा टक्क्यांहून जास्त लोक दुसरी भाषा बोलतात तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळावेत, ही मागणी आपण वर्षानुवर्षं करतोय आणि ती रास्त आहे. मी त्या मागणीसाठी मोर्चात चाललेय. पण आक्का म्हणायच्या, कागद मराठीत येईल तेव्हा येईल, तोवर गौळीवाड्यातल्या म्हातारीचा अंगठा कशावर उमटतोय ते तिला आज कळलं पाहिजे. ग्रामसभेत त्या प्रत्येक ठराव आधी कन्नडमध्ये वाचायच्या, मग मराठीत सांगायच्या, मगच अंगठे. सभा लांबायची, पुरुष मंडळी वैतागायची. जमाबंदीच्या दिवशी, म्हणजे पंचायतीचा वर्षाचा हिशेब लोकांपुढं तपासतात तेव्हा, त्या वही घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या. पद नसतानाही.

मलप्रभाकाठ, तुमच्या संस्थेत ती कन्नड बोलणारी मुलगी आहे म्हणालात. तिच्या घरचे लोक सभासद आहेत का? वार्षिक अहवाल फक्त मराठीत काढत असाल तर त्यांना तो कोण वाचून दाखवतं? रागावू नका. आपल्यावर जे होतं ते आपल्याकडून दुसऱ्यावर होऊ नये म्हणून विचारलं.

वेदगंगा (मंगळवार, रात्री ९:१५)

१९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी पुणे-बेंगळूर हायवेवर शेतकरी बसले होते, १४ मार्चपासून ६ एप्रिलपर्यंत. शरद जोशी पुढं होते. शेवटी गोळीबार झाला, शेतकरी गेले. माझे वडील तिथं रस्त्यावर भाकरी वाटायला होते. गावागावातून भाकरी-झुणका यायचा. वडिलांकडं एक चौपानी वही होती, कुठल्या गावातून किती भाकरी, किती पीठ. आंदोलन उठल्यावर उरलेलं दोन पोती पीठ त्यांनी ज्या गावचं होतं तिथं सायकलवरून परत पोचवलं. ती वही आमच्याकडं आहे. मी कधी पद घेतलं नाही, पण गणपती मंडळाचा खर्च मी असाच लिहितो आणि अनंत चतुर्दशीनंतर आठ दिवसांत चौकात लावतो. एवढंच सांगायचं होतं.

मलप्रभाकाठ (पुढचा शनिवार, रात्री १०:५०)

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. आठवडाभर लिहू शकलो नाही, कारण घडत होतं.

मागावरचीताई, बुधवारी दोघांना बसवलं आणि मित्राच्या कर्जाचं सांगितलं. त्या मीटिंगचं प्रोसिडिंग काढून दाखवलं. मुलगा खाली बघत राहिला. मुलीनं विचारलं, "तुम्ही अजून वसुलीला गेला नाही ना त्यांच्याकडं?" मी गेलो नव्हतो. नोटिसा पाठवत होतो, पोस्टानं. गुरुवारी संध्याकाळी तिघं मिळून गेलो. मित्र आधी हसला, मग गप्प झाला, मग त्याची बायको आतून बाहेर आली आणि म्हणाली, "भाताचे पैसे आले की पहिला हप्ता देतो." देतील की नाही, बघू. पण त्याच्या दारात उभं राहताना माझे पाय गुरुजींबरोबर चालत होते तसे चालले.

घाटमाथाताई, रागावलो नाही, पण रात्रभर झोप आली नाही. पाच वर्षांचे अहवाल काढले. सगळे मराठीत. कन्नड बोलणारी तेवीस घरं सभासद आहेत आमची. इतकी वर्षं ती सभेत येतात, चहा पितात, हात वर करतात. यंदाची वार्षिक सभा सप्टेंबरअखेरच्या आत घ्यायची आहे. ताळेबंद आणि नफा-तोटा दोन्ही भाषांत छापायचं ठरवलंय. मुलगी भाषांतर करतेय. "थकबाकी"ला कन्नडमध्ये घरी काय म्हणतात यावर ती आणि तिची आई तासभर बोलत होत्या.

आणि आजची मीटिंग. माझ्या चुलतभावाचा अर्ज होता, विहिरीच्या मोटारीसाठी. भट्टीवाल्यांचं वाचून मी त्या दोघांना आधीच सांगितलं होतं, माझ्या बाबतीत काही खटकलं तर सगळ्यांसमोर बोला. विषय पुकारला गेला. मी उठणारच होतो, खरंच उठणार होतो, पण अर्जातली एक गोष्ट सांगून मग उठू म्हणून तोंड उघडलं. मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आधी बाहेर जा." खोलीत शांतता. दोन संचालकांनी माझ्याकडं बघितलं. मी बाहेर गेलो.

कट्ट्यावर बसलो. पाऊस पन्हाळीतून पायरीवर पडत होता. आतलं काही ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटांनी मुलानं दार उघडलं. अर्ज परत केलाय, आरटीसी उताऱ्यावर (सातबारासारखा जमिनीचा उतारा) अजून आजोबांचंच नाव आहे, वारसा नोंद करून आणा म्हणून. बरोबर होतं. मी सांगणार होतो ती गोष्ट हीच होती, की नोंद व्हायची आहे पण माणूस चांगला आहे.

प्रोसिडिंग तिनं लिहिलं. अध्यक्ष नात्यामुळं बाहेर होते, असं. मी खाली सही केली. चुलतभाऊ संध्याकाळी घरावरून गेला, थांबला नाही. उद्या सकाळी त्याच्याबरोबर तलाठ्याकडं जायचं म्हणतोय, वारसा नोंदीचा अर्ज द्यायला. तो येईल का, माहीत नाही. मी साडेदहाला चौकात उभा राहीन.

मागावरची (शनिवार, रात्री ११:०५)

दादा, उद्या रविवार आहे. ऑफिस बंद असेल. सोमवारी जा.

मलप्रभाकाठ (शनिवार, रात्री ११:०९)

हो की. सोमवारी. आता त्याला निरोप पाठवतो.